मागची सीट

आमच्या अंगणात पूर्वी तीनच गोष्टी होत्या. तुळशीवृंदावन, धुण्याचा दगड आणि माझी स्कूटर. २०२४ च्या गुढीपाडव्याला त्यांत चौथीची भर पडली आणि तेव्हापासून गल्लीतल्या बायका माझ्याशी जरा जपूनच बोलू लागल्या. चौथी म्हणजे मोटरसायकल. यांची नव्हे हं, माझी!

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या बाईला, तेही साताऱ्यासारख्या गावात, हे काय भलतंच सुचलं? खरं सांगू का, मला ते आपण होऊन सुचलंच नव्हतं. गाडी यांनी पसंत केली होती, बुकिंग यांनी केलं होतं, आणि घरात कुणी विचारलं तर ‘बघू, अजून ठरवतोय’ म्हणून वेळ मारून नेणंही यांचंच चाललं होतं.

यांच्याकडे पूर्वी १९८९ सालची बुलेट होती. हल्लीच्या मुलांना खरं वाटत नाही, पण त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असे आणि ब्रेक डाव्या. लग्न होऊन साताऱ्याला आले ती त्याच बुलेटच्या मागच्या सीटवर बसून. पदर खोचायचा, एका बाजूला दोन्ही पाय सोडायचे, एक हात यांच्या खांद्यावर. वीस वर्षं मी यांची पाठ पाहत जग हिंडले. २०१७ साली लेकीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ती बुलेट विकली, तेव्हा हे काही बोलले नाहीत. फक्त तिचं फडकं मात्र कोठीत तसंच घडी घालून ठेवलं होतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात रॉयल एन्फिल्डच्या नव्या हिमालयनची किंमत गोव्यात जाहीर झाली आणि यांच्या डोक्यात पुन्हा चक्रं फिरू लागली. पहिली हिमालयन २०१६ सालची, ४११ सीसीची. ही नवी ४५२ सीसीची, सहा गिअर, इंजिन थंड ठेवायला मोटारीसारखा रेडिएटर. या जातीच्या गाड्यांना ‘अ‍ॅडव्हेंचर टूरर’ म्हणतात. म्हणजे काय, तर डांबरी रस्त्यावर दिवसभर दमवणार नाहीत आणि डांबर संपलं तरी अडणार नाहीत अशा गाड्या. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं १९८० साली आर ८० जी/एस नावाची गाडी काढली, तिथून ही चाल रूढ झाली असं हे सांगतात. पुढचं चाक मोठं, २१ इंची, म्हणजे खड्ड्यात न अडकता वरून जातं. पोट जमिनीपासून उंच. सतरा लिटरची टाकी. वजन १९६ किलो. हा शेवटचा आकडा मी तेव्हा नुसताच ऐकला होता. आकडा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला पुढं कळायचं होतं.

डिसेंबरात बुकिंग झालं आणि जानेवारीत चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून हे डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू निघाला. समोरचं अक्षर नीट दिसत होतं, पण बाजूची नजर कधीच गेली होती. एखाद्या नळीतून पाहावं तसं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची. आणि आजपासून गाडी चालवणं बंद. (बायांनो, मध्येच सांगते. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या, घरातल्या पुरुषमाणसालाही घेऊन जा. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर फसवतो.)

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, “बुकिंगचे पैसे परत घ्यायला हवेत.”

मी भाजी चिरत होते. कुठून बळ आलं कोण जाणे, पण म्हणाले, “परत कशाला? नाव बदलून घेऊ. मी चालवीन.”

पुढचे दोन दिवस आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता.

मी लुना चालवलेली, मग बिनगिअरची स्कूटर. माझं लायसन्सही बिनगिअरचंच. तुमच्यापैकी पुष्कळजणींचं तसंच असेल, काढून बघा. गिअरच्या गाडीसाठी ते वेगळं काढावं लागतं. आधी शिकाऊ लायसन्स, मग तीस दिवस थांबून परीक्षा. पुतण्याच्या जुन्या मोटरसायकलवर शाळेच्या मैदानात मी क्लच शिकले. सकाळी साडेसहाला, कुणी पाहू नये म्हणून. पाहायचे ते सगळेच पाहत होते. क्लच सोडणं म्हणजे दूध उतू जायच्या बेतात असताना गॅस बारीक करण्यासारखं आहे. एक क्षण असा येतो की तो हाताला कळतो, सांगून कळत नाही. मला तो नवव्या दिवशी कळला.

शोरूमला सांगून गाडी पुढं ढकलली होती, ती पाडव्याला घरी आणली. आणि इथून माझी खरी चूक सुरू झाली.

नव्या गाडीला काय काय लावायचं याची यादी यांनी बुकिंगच्या दिवशीच करून ठेवली होती. ती वही मला टेबलाच्या खणात सापडली. पुढं लेग गार्ड, पोटाखाली जाड पत्रा, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, मागं एक मोठी पेटी, जादा दिवे, हँडल उंच करायचे रायझर. अक्षर सुंदर, प्रत्येक ओळीपुढं किंमत. मला वाटलं, यांचं स्वप्न जसंच्या तसं उभं केलं तर यांना बरं वाटेल. त्यात लेकीनं फोनवर एका ब्रिटिश बाईबद्दल पाठवलं. एल्स्पेथ बिअर्ड तिचं नाव. १९८२ साली ही लंडनहून बीएमडब्ल्यूवर एकटी निघाली आणि १९८४ साली जग फिरून, आपल्या भारतातूनही जाऊन, परत गेली. वाटेत सिडनीला थांबली असताना तिनं गाडीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या स्वतःच्या हातांनी बनवल्या. झालं! मग मला पेट्या हव्याच झाल्या.

सामान घ्यायला पुतण्याबरोबर एका मोठ्या दुकानात गेले. तिथले गृहस्थ दीड तास पुतण्याशी बोलत होते. “सर, तुम्हाला किती लोड लागतो? सर, तुम्ही ऑफरोड करता का?” माझ्याकडे बघून एकदाच म्हणाले, “मॅडम, तुम्ही बसा ना, चहा मागवू का?” पैसे मात्र मॅडमकडून घेतले! चहा काही आला नाही.

सगळं चढवलं. गाडी दिसायला अशी झाली, की जणू उद्याच लडाखला निघायचंय. हे दारात उभे राहून एकेक वस्तू हातानं चाचपत होते. “छान झालंय,” म्हणाले. पण बसायला काही तयार होईनात.

तर मैत्रिणींनो, आठव्या दिवशी मी पडले. एकटीच यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागले होते. अरुंद रस्त्यात गाडी वळवायला गेले, पाय टेकवला तो नेमका खोलगट जागी. एरवी सावरलं असतं, पण पेट्यांचं वजन एका अंगाला गेलं आणि १९६ किलो अधिक चाळीसेक किलो असा तो सगळा संसार शांतपणे आडवा झाला. मला लागलं नाही. जागच्या जागी पडले होते. पण उचलता येईना. भररस्त्यात आडव्या पडलेल्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या बाईला किती एकटं वाटतं हे मी तुम्हाला कसं सांगू! शेवटी दुधाच्या गाडीवरच्या दोन पोरांनी उचलून दिली. एक म्हणाला, “काकी, एवढं घेऊन कुठं निघालाय?”

त्या रात्री झोप लागेना. पोरानं विचारलं ते खरंच होतं. कुठं निघाले होते मी? कासला! दोन पेट्या रिकाम्या आणि तिसरीत एक पाण्याची बाटली. ती यादी पावणेसहा फुटी, तीस वर्षं बुलेट हाकलेल्या पुरुषाची होती. ती त्यानं स्वतःसाठी केली होती. मी पाच फूट तीन इंचाची. दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज अंगात घालून ‘हात वर होत नाहीत’ म्हणून रडण्यातला प्रकार होता तो.

दुसऱ्या दिवशी पान्हा घेऊन बसले आणि उतरवायला लागले. बाजूच्या पेट्या निघाल्या, जादा दिवे निघाले. लेग गार्ड आणि पोटाखालचा पत्रा मात्र ठेवला. आदल्या दिवशी त्या गार्डनंच गाडीचं अंग वाचवलं होतं. पेट्यांच्या जागी कापडी पिशव्या घेतल्या, पाऊस न लागणाऱ्या. त्या वजनाला हलक्या, आणि पडलं तरी पायाला पत्रा लागत नाही. रायझर ठेवले, पण हँडल माझ्याकडे थोडं ओढून घेतलं. पाठ ताठ राहून कोपर किंचित वाकलेलं असावं एवढंच.

मग उंची. सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन हातांच्या आसपास धरा ना. माझे फक्त चवडे टेकत. पहिला मोह झाला तो सीटचा फोम तासून घ्यायचा. घेतलाही! गावातल्या सीट कव्हरवाल्यानं दीड इंच कापला आणि तासाभरात मला लाकडी पाटावर बसल्यासारखं वाटायला लागलं. ते पैसे गेले. कंपनीच थोडी बुटकी सीट वेगळी विकते हे नंतर कळलं, ती घेतली. उरलेली कसर भरून काढली ती बुटांनी. पादत्राणं दुरुस्त करणारे आमचे काका आहेत, त्यांनी माझ्या घोट्याच्या वर येणाऱ्या बुटांना पाऊण इंच जाड तळ लावून दिला. टाच टेकली की अर्धी भीती जाते. आणि टाकी! ती काठोकाठ भरली की बारा-तेरा किलो वजन वाढतं, तेही वरच्या अंगाला. शिकणाऱ्या बाईनं टाकी अर्धीच ठेवावी.

उचलायलाही शिकले. अंगणात जुनी गादी टाकली आणि तिच्यावर गाडी मुद्दाम आडवी केली. किल्ली बंद, गाडी गिअरमध्ये. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटच्या कडेला लावायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागचा दांडा, आणि पाठीनं नव्हे तर पायांनी रेटत मागं मागं चालायचं. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. माझी ती गेली. तिकडे गादी नव्हती.

पुतण्याला आणखी एक गोष्ट काढायची घाई झाली होती. मागच्या चाकाशेजारची साडी गार्ड! “काकू, ती फारच काकूबाई दिसते.” मी म्हटलं, काकूच आहे मी. मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं हे संरक्षण, मागच्या माणसाला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा, तिन्ही सक्तीची आहेत, ते उगीच नव्हे. पदर, ओढणी, उपरणं चाकात जाऊन काय होतं हे आपल्या पिढीनं पाहिलंय. सायलेन्सरलाही हात लावायचा नाही हे मी बजावलं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की, गाडीची मूळ घडण कंपनीच्या नोंदीपलीकडे बदलायची नाही. पिशव्या लावा, गार्ड लावा, सीट बदला. पण कान किटवू नका.

आता मागची सीट. एवढे दिवस मी फक्त माझ्याच सीटचा विचार करत होते. हे काही बसत नव्हते. मी म्हणे, चला ठोसेघरपर्यंत जाऊन येऊ. यांना काहीतरी काम निघे. एके दिवशी भांडणच काढलं. तेव्हा बाहेर पडलं ते असं. बायकोच्या मागं बसायची लाज नव्हती. गुहागरला आईला काही सांगितलेलं नव्हतं. सासूबाई ऐंशीच्या, तिकडे वाडीत दिरांकडे असतात. गणपतीला आम्ही एसटीनं गेलो तेव्हा ‘गाडी नवीन आहे, सर्व्हिसिंग व्हायचंय’ असं हे सांगून आले होते. “एकदा तुझ्या मागं बसलो,” हे म्हणाले, “की सवय होईल. मग कधीतरी तसाच तिच्यासमोर जाईन. तिला एका डोळ्यानं दिसतं, तिनं माझ्या डोळ्यांची काळजी करत मरावं का?”

यावर मी काय बोलणार? बोलले नाही. पण मागच्या सीटचं काम हाती घेतलं.

मी वीस वर्षं मागं बसलेली बाई. मागच्या माणसाला काय लागतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक! मागच्याला रस्ता दिसत नाही, धक्का सांगून येत नाही, आणि हात कुठं ठेवावेत हे कळत नाही. यांना तर बाजूचं दिसतच नाही. म्हणून मागच्या पेटीला जाड गादी लावून पाठीला टेकू केला. धरायच्या मुठींना सायकलच्या हँडलचं रबर गुंडाळलं, म्हणजे न पाहता हाताला सापडतील. पाय ठेवायच्या जागेला चरचरीत पट्टी. मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवून घेतला. त्याला प्रीलोड म्हणतात. खाटेची नवार सैल पडली की आपण ओढून घेतो ना, तसंच. फक्त एक लक्षात ठेवा, ताण वाढवला की एकट्यानं बसताना सीट आणखी उंच लागते. दोघं बसलो की बरोबर खाली येते. टाकीवरच्या लहान पिशवीत एक कप्पा यांच्या थेंबांसाठी केला, आतून जाड अस्तर लावून, ऊन लागू नये म्हणून. शिवणयंत्र त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी काढलं होतं.

एका संध्याकाळी हे आपणहून हेल्मेट घालून अंगणात आले. मी काही विचारलं नाही. गाडी काढली.

लेकीनं दोन्ही हेल्मेटांत बोलायचं यंत्र बसवून दिलं होतं. अरे देवा! पहिल्या दिवशी ठोसेघरच्या रस्त्याला हे एकसारखे बोलत होते. “खालचा गिअर टाक. आरसा बघ. एवढ्या लवकर क्लच नको. पुढं एसटी आहे का? वळण आलं का? हॉर्न दे.” चौथ्या किलोमीटरला मी ते यंत्र बंद करून टाकलं. मग यांचे गुडघे माझ्या कमरेला असे आवळले गेले, की मला श्वास घेता येईना. गाडी बाजूला घेतली. मागं वळून पाहिलं तर यांच्या कपाळावर घाम.

हे सूचना देत नव्हते हो, विचारत होते. पुढं एसटी आहे का, हे खरोखरच विचारत होते.

यंत्र पुन्हा सुरू केलं आणि या वेळी मीच बोलायला लागले. रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन असे ना, तसं. “डावीकडं वळण. समोरून दुधाची गाडी, गेली. आता खडबडीत आहे, धरा. म्हशी आहेत, थांबतेय.” दहा मिनिटांत गुडघे सैल झाले. परत येताना हे गुणगुणतसुद्धा होते. मधूनमधून सवयीनं ‘गिअर’ म्हणत, तेवढं मी चालवून घेतलं.

मग आम्ही दर रविवारी निघू लागलो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, बामणोली, पाटण. दर पाचशे किलोमीटरला साखळी पुसून तेल द्यायचं काम यांनी आपल्याकडे घेतलं. बोटांनी चाचपून एकेक कडी साफ करतात. इंजिन बंद आणि किल्ली माझ्या कमरेला, हा नियम मात्र कडक. फिरत्या साखळीत बोट गेलं तर राहत नाही.

दिवाळी झाली आणि पुढच्याच आठवड्यात हे म्हणाले, “गुहागरला जाऊन येऊ.” एवढंच. मी डब्यात चिवडा आणि बेसनाचे लाडू भरले.

पहाटे निघालो. हायवेनं उंब्रज, तिथून मल्हारपेठवरून पाटण. कोयना आली की यांना दरवेळी आठवण होते, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा हे आईच्या पोटात होते. “तेव्हापासून मला खड्ड्यांचं काही वाटत नाही,” हा विनोद मी लग्नापासून ऐकतेय. कोयनानगरच्या अलीकडे मात्र मध्येच म्हणाले, “थांब. डाव्या अंगाला काहीतरी वाजतंय.” मला काहीच ऐकू येत नव्हतं. थांबले. यांनी हात फिरवत फिरवत पिशवीच्या रॅकचा एक नट शोधून काढला, बोटानं फिरत होता. बाहेरून बसवलेल्या सामानाचं असंच असतं, थरथरीनं सैल होतं. नटाखाली स्प्रिंग वायसर घालावा आणि महिन्यातून एकदा सगळं आवळावं. पुढं कुंभार्ली घाटात तो रॅक सुटला असता तर काय झालं असतं, ते बोलायला नको. हे पान्ह्यानं नट आवळत होते, मी नुसती उभी होते. किती महिन्यांनी यांचा चेहरा असा पाहिला!

घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, इंजिनालाच गाडी धरू द्यायची, हे यांनीच शिकवलेलं. धुकं होतं. वळणावळणाला मी वर्णन करत होते आणि एका वळणावर हे म्हणाले, “अगं, नको सांगूस आता. हा घाट मला पाठ आहे.” मग चिपळूणपर्यंत दोघंही गप्प.

गुहागरला व्याडेश्वराच्या देवळापाशी आल्यावर खांद्यावर थाप पडली. “मला इथं उतरव. मी चालत येतो मागून.”

मी थांबले. हे उतरले, हेल्मेट काढून हातात घेतलं, देवळाकडे तोंड करून नमस्कार केला. मी इंजिन बंद केलं नाही, वळूनही पाहिलं नाही. काय करणार होते मी? उतरवायचं म्हणाले, उतरवलं. पिशवीचा पट्टा उगाच सोडून परत बांधत बसले. जरा वेळानं मागून आवाज आला, “पाय ठेवायचं कुठंय ते?” मी हात मागं नेऊन यांचा बूट त्या पट्टीवर ठेवला.

वाडीत शिरलो तेव्हा सासूबाई पडवीतच होत्या. खळ्यात सुपारी वाळत घातलेली. जांभ्याच्या पाखाडीवरून ती एवढी मोठी गाडी येताना पाहून त्या काठी उगारून पुढं आल्या, “अगो, सुपारीवर घालशील! तिकडं, तिकडं लाव!” लाकूडफाट्याशेजारी लावली. हे उतरायच्या आत त्या आत गेल्या आणि भाकरतुकडा घेऊन आल्या. मला ओवाळला, यांना ओवाळला, मग थोडा विचार करून गाडीवरूनही ओवाळून टाकला. कोण पुढं, कोण मागं, एक अक्षर नाही. हे माझ्याकडे पाहत राहिले.

रात्री मी पिशवीच्या कप्प्यातून थेंबांची बाटली काढत होते, तर सासूबाई दारात उभ्या. त्यांनी हात पुढं केला.

“किती वाजता घालतेस?”

मी गप्प. मग म्हटलं, “नऊला.”

“गणपतीत आरतीचं तबक दिलं याच्या हातात,” त्या म्हणाल्या, “तर हा बाजूला चाचपडला. तबक समोर, हात बाजूला. लहानपणी अंधारात माजघरात यायचा तसा. मला कळायचं नाही होय गो?” बाटली उजेडाकडे धरून त्यांनी उगाच वाचल्यासारखं केलं. “उद्यापासून इथं असाल तोवर मी घालीन.”

आत जाऊन त्यांनी काय सांगितलं, यांनी काय सांगितलं, ते मी ऐकलं नाही. मी भांडी घासायला मागच्या दारी गेले होते, आणि मुद्दाम हळूहळू घासत होते.

सकाळी उठून पाहते तो गाडीच्या लेग गार्डला लिंबू-मिरची. हे खाली फरशीच्या तुकड्यावर बसून साखळी पुसताहेत, हातात तेच जुन्या बुलेटचं फडकं. केव्हा पिशवीत घातलं होतं कुणास ठाऊक. आणि सासूबाई सुपाऱ्या निवडता निवडता, आपल्या एका डोळ्यानं पाहून सांगताहेत, “अरे, डावीकडं राहिलं बघ. तिथं नव्हे रे, आणखी खाली.”